चूक दाखवायची रीत

पडद्यावर नळी दिसली आणि बारकीने कॅमेरा जागीच रोखला. ही नळी ती नव्हे.

ऑपरेशनच्या टेबलावर होती एक बस चालवणारी बाई, पित्ताशयात खडे झालेली. बाहेर बाकावर तिचा नवरा आणि मुली बसल्या होत्या. काम तसं रोजचंच: पित्ताशयाची बारीक नळी शोधायची, तिला क्लिप लावायची, कापायची आणि पित्ताशय बाहेर काढायचं. पण सुजेने आतलं सगळं एकमेकांना चिकटलं होतं. यकृताकडून येणारी मुख्य नळी वर ओढली गेली होती आणि साळसूदपणे त्या बारीक नळीच्या जागी येऊन बसली होती. ती कापली गेली असती तर बाईचं उरलेलं आयुष्य इस्पितळाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं असतं. क्लिप लावायचा चिमटा तोफेच्या हातात होता. बारकी मदतनीस सर्जन, पोटात घातलेला कॅमेरा तिच्याकडे.

तोफ म्हणजे विभागप्रमुख. हे नाव इस्पितळात कोणाला ठाऊक नव्हतं, ते मदरशातलं. लहानपणी कुराण पाठ म्हणायला बसली की धडाधड सुटायची, म्हणून तोफ. आणि वर्गात सगळ्यांत लहानखुरी ती बारकी. आपांनी, म्हणजे त्यांच्या शिक्षिकेने, दोघींची जोडी लावली होती. एकीने म्हणायचं, दुसरीने ऐकायचं. चूक झाली की ऐकणारीने बोटाने फरशीवर टकटक करायची, बस्स. बरोबर शब्द सांगायचा नाही, चारचौघींत तर नाहीच. म्हणणारीने आपणहून मागे जायचं आणि आपली चूक आपणच हुडकायची. "चूक दाखवा, माणूस उघडं पाडू नका," हे आपांचं रोजचं पालुपद. ते दोघींच्या अंगात मुरलं ते मुरलंच.

म्हणूनच गेल्या महिन्यात बारकीने भर मीटिंगमध्ये तोफेची एक दिरंगाई बोलून दाखवली, तेव्हा तोफेला मिरच्या झोंबल्या. तिने बारकीला जिन्यात गाठलं. "दार लोटून सांगितलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? आपांकडे हेच शिकलीस?" तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं. बारकीलाही ते फार लागलं होतं. पुन्हा सगळ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, असा तिने कानाला खडा लावला होता.

आणि आज समोर ही नळी. भोवती शिकाऊ डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ. बारकीने मोकळ्या हाताने एक चिमटा उचलला आणि ट्रेच्या कडेवर वाजवला. टक, टक.

तोफेचा हात जागच्या जागी थांबला. शिकाऊ डॉक्टर आवाज कुठून आला ते बघत राहिले.

"कॅमेरा मागे घे," तोफ म्हणाली.

बारकीने घेतला. सापडू दे, बाई, सापडू दे तुला, असं ती मनातल्या मनात विनवत होती. तोफेने पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आता जवळ."

आणि तोफेचा चिमटा पुन्हा त्याच नळीवर गेला.

टक, टक. या वेळी जोरात.

चिमट्याची टोकं नळीच्या दोन्ही बाजूंना आली आणि मिटू लागली. आपण काय मूर्खपणा चालवलाय, हे बारकीला तेव्हा कळलं. मदरशात चुकलेली ओळ उद्याही म्हणता येत होती. या बाईला दुसरी संधी मिळणार नव्हती.

"थांब! ती मुख्य नळी आहे!"

एवढ्या मोठ्याने ती जन्मात ओरडली नव्हती. विभागप्रमुखांना कोणी एकेरीत दरडावतं, हे शिकाऊ डॉक्टरांनी पहिल्यांदाच ऐकलं. नर्सच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. तोफेने चिमटा उघडला, बाहेर काढला आणि कोणाकडेही न बघता चिकटलेला भाग पुन्हा मुळापासून सोडवायला घेतला. कितीतरी वेळाने खरी नळी दिसली, खालच्या अंगाला दडून बसलेली. तिला क्लिप लागली.

हात धुवायच्या खोलीत शेवटी दोघीच उरल्या.

"टकटक कसली करतेस?" तोफ दातओठ खात म्हणाली. "माझा हात मिटत होता!"

"तुझी लाज राखत होते."

"माझी लाज? आणि त्या बाईचं काय?"

"तूच म्हणाली होतीस ना, चारचौघांत..."

"म्हणाले होते." तोफेने नळ सोडला, पण हात पुढे केले नाहीत. पाणी नुसतंच वाहत राहिलं. "तू चूक दाखवतेयस, हे मला पहिल्या टकटकीलाच कळलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नळीची शंका मलाही आली होती. पण टकटक तुझी होती. तुझ्यापुढे नमायचं नव्हतं, म्हणून पुढे गेले."

बारकीला तिची इतकी चीड आली की तिथून निघून जावंसं वाटलं. मागोमाग तिची दयाही आली. आणि मग स्वतःचीच भीती वाटली. मैत्रिणीची लाज राखण्याच्या नादात तीही एका अनोळखी बाईच्या जिवाशी खेळली होती.

"सोमवारच्या मीटिंगला हे सांगायला हवं," ती म्हणाली. "मी वेळेवर बोलले नाही, ते मी सांगेन."

"आणि माझं?"

"तुझं तू सांगायचंस. मी शेजारी बसते."

तोफेने नळ बंद केला. "शंका आली होती, हे मी गाळलं तर?"

"तर टकटक करणार नाही," बारकी म्हणाली. "बोलेन."