गुंडाच्या तोंडी दिलेलं वाक्य

शनिवारी दुपारी बुप्योंगच्या थिएटरात शिरताना दिग्दर्शक मेंग सोक-जूनच्या खिशात दोन भाषणं होती. एक प्रेक्षकांसाठी, तीन ओळींचं. दुसरं माफीचं, तीन पानांचं.

गुरुवारी जुन्या ओळखीच्या चांग-रोकच्या मुलीचा निरोप आला होता. "बाबा शनिवारचा खेळ बघायला येतायत. तुम्ही असाल ना?" एवढंच. पण चोराच्या मनात चांदणं. मेंग दोन दिवस धड जेवला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी मेंग राजकीय माहितीपट करायचा. बसचे दरवाजे बनवणारा एक कारखाना बंद पडला, तेव्हा कामगार चांग-रोक निषेध म्हणून धुराड्यावर चढून बसला आणि मेंग खाली कॅमेरा लावून. मुलाखती फोनवर चालायच्या. एका मुलाखतीत चांग-रोक म्हणाला, "उतरायला शिडी पुरते, वर राहायला छाती लागते." ते वाक्य मोर्च्याच्या फलकांवर गेलं. मेंगला एक बक्षीसही मिळालं. माहितीपट पाहिला एक हजार नऊशे बारा जणांनी, त्यात मेंगची आई चारदा.

मग पोटासाठी त्याने थ्रिलर केला. बंदरातले गुंड, सुरे, लाचखाऊ फौजदार, सगळं यथासांग. शेवटी खलनायक क्रेनवर चढतो तिथे त्याला काही केल्या वाक्य सुचेना. बुद्धी गहाण पडलेला माणूस करतो तेच मेंगने केलं. धुराड्यावरचं वाक्य उचलून खुन्याच्या तोंडी घातलं. आता ते ट्रेलरमध्ये होतं. शाळकरी पोरं घसरगुंडीवर बसून ते ओरडत होती. चार दिवसांत पाच लाख लोक चित्रपट पाहून गेले होते, आणि मेंगला प्रत्येक तिकिटागणिक आपण थोडे आणखी नीच झाल्यासारखं वाटत होतं. आकडे मात्र तो दर तासाला बघत होता.

प्रदर्शनानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी नटांसह थिएटर थिएटर फिरायचं, खेळ सुटला की पडद्यापुढे उभं राहून वाकायचं, हा धंद्यातला रिवाज. नायक ह्युन-ओ आत गेला तसा पोरींनी थिएटर डोक्यावर घेतलं.

"डायरेक्टरसाहेब, जरा डावीकडे," प्रसिद्धीचं काम बघणारी बेक बाई कुजबुजली. "फोटोत मध्ये येताय."

मेंग डावीकडे सरकला. इतका, की पडद्याच्या बाहेरच गेला. तिथून त्याला तिसऱ्या रांगेत चांग-रोक दिसला. केस पांढरेशुभ्र, मांडीवर टोपी, चेहरा कोरा.

मेंगच्या हातात माइक आला. "नमस्कार. मी या चित्रपटाचा दिग्दर्शक," असं म्हणून त्याने माइक परत दिला. मग प्रत्येकाने एकेक आसन क्रमांक पुकारायचा आणि त्या माणसाला सही केलेलं पोस्टर द्यायचं, असा कार्यक्रम होता. चांग-रोकचा क्रमांक मेंगला लख्ख दिसत होता. सी-सात. तो पुकारून त्याचे पाय धरता आले असते.

"के-चौदा!" मेंग ओरडला.

के-चौदा रिकामं निघालं. लोक पोट धरून हसले. चांग-रोकही हसला, आणि त्यामुळे मेंग जास्तच घाबरला.

त्याच इमारतीतल्या पुढच्या पडद्याकडे जाताना पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी चांग-रोकने त्याला गाठलं. हातात काठी होती.

"दादा," मेंग घाईघाईने कागद उलगडू लागला, "मी चोर आहे. तुमचं वाक्य मी..."

"कुठलं माझं वाक्य?"

"शिडीचं आणि छातीचं."

"ते माझं कधी होतं?" चांग-रोक म्हणाला. "तुमचंच की. फोनवर तुम्ही म्हणालात, दादा, असं म्हणून बघा बरं. मी म्हटलं. वाऱ्यात आवाज उडाला. पाचव्या वेळी तुम्हाला पसंत पडलं."

मेंगचा हात थांबला. हे वाक्य ऐकून आपल्या अंगावर कसा काटा आला, हे तो बारा वर्षं सभांतून सांगत आला होता. पाचही वेळा काटा आला होता की काय, हे त्याला आठवेना. बाकीचं मात्र आठवलं, वाऱ्यासकट.

"मग त्याआधी तुम्ही काय म्हणाला होतात?"

"गुडघे गेलेत, उद्या खाली येतो, म्हणालो होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मेंगला बरं वाटलं असतं. "पण दुसऱ्या दिवशी बघतो तर खाली शंभर लोक तेच वाक्य फलकांवर घेऊन उभे. मग कुठल्या तोंडाने उतरणार? आणखी सत्तेचाळीस दिवस काढले."

"दादा..."

"गुंडाला दिलंत ते बरं केलंत. शोभतं त्याला. आता मला कुठल्या सभेत म्हणून दाखवायला लावणार नाहीत."

"डायरेक्टरसाहेब! पडदा पाच!" बेक बाई ओरडत होती.

मेंगने तीन पानं चाळली. त्यात सगळी चोरीची माफी होती. याची एक ओळही नव्हती. सच्चा म्हणून मिरवलेला चित्रपट खोटा निघाला होता आणि त्याची किंमत या माणसाच्या गुडघ्यांनी मोजली होती. पॉपकॉर्नच्या रांगेसमोर तो गुडघे टेकून बसला आणि कपाळ फरशीला लावलं.

"अहो, उठा," चांग-रोक ओशाळून म्हणाला. "लोकांना वाटेल मी कुणी नट आहे."

मेंग हलेना. वाकून त्याला उठवणं चांग-रोकला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने काठी पुढे केली.