बेडकाचं काळीज आणि फुईचं मूळ

शहाद्याजवळच्या पाटील घरातला लोटन मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शिकायला गेला, ते साल छत्तीस. औषध शरीरात नेमकं करतं काय, हे तिथं तपासत. बेडकाचं काळीज अलगद काढायचं, मिठाच्या पाण्यावर धडधडतं ठेवायचं, दोऱ्यानं एका हलक्या काडीला बांधायचं. मग रॉकेलच्या धुरानं काजळलेला कागद यंत्राच्या गोल ढोलावर फिरतो आणि काडी त्यावर प्रत्येक ठोक्याची रेघ ओढते. औषधाचा थेंब टाकायचा; त्यात गुण असला तर रेघ बदलते, नाहीतर नाही. लोटनचा हात इतका हलका की वर्षभरात प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर त्याला म्हणाले, "तुझ्या मुलखातलं एखादं औषध आण. त्यावर तुझ्या नावानं निबंध लिहू."

लोटनला आठवली गजराबाई, वडिलांची विधवा बहीण, त्याची फुई. छातीत धडधड, पायावर सूज, असं कुणाला झालं की फुई सातपुड्याच्या पायथ्याशी जाई आणि एक मूळ आणी. जाताना कुणाशी बोलायचं नाही, झाडापाशी मूठभर ज्वारी ठेवायची आणि झाडाचं नाव घ्यायचं नाही. सोबत चालत येईल त्यालाच ती ते दाखवणार. आजवर कुणी गेलं नव्हतं.

सुट्टीत लोटन घरी गेला आणि त्यानं मूळ मागितलं. "मन्हासंगे चाल, तुले झाड दखाडस," ती म्हणाली.

"फुई, मन्हाकडे येळ नई शे. तू मूळच दे."

तिनं पळसाच्या पानात बांधून मूळ दिलं. "गार पानीमा उगाळजो, बेटा. चुल्हावर ठेवू नको."

लोटन हसला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस म्हाताऱ्यांचं ऐकतो कधी? प्रयोगशाळेत साली आणि मुळं उकळून, गाळूनच घेत. त्यानंही मूळ चांगलं तासभर उकळलं, गाळलं, थेंब टाकला. काळजाचा ठोका होता तसाच राहिला. सात बेडूक झाले, सात कागद झाले. लोटननं निबंधाचा नाद सोडला. इथवर ठीक होतं; पण त्यानं घरी पत्रही लिहिलं. 'फुईच्या मुळात काहीही औषध नाही, लोकांना उगाच आशेवर ठेवू नये.' मोठा भाऊ दोधू यानं ते पारावर सगळ्यांना वाचून दाखवलं. शिकलेल्या भावाचा अभिमान होता त्याला, बिचाऱ्याला.

दुसऱ्या वर्षी दोधूची बायको छबूबाई वारल्याचं पत्र आलं. परीक्षेमुळं लोटन जाऊ शकला नाही.

पुढच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतल्या एका नवख्या पोरानं एक अर्क तापवला आणि डॉक्टर त्याच्यावर कडाडले, "कित्येक औषधं उष्णतेनं मरतात, एवढंही कळत नाही?" ऐकून लोटनला फुईचे शब्द आठवले, 'चुल्हावर ठेवू नको.' फुईच्या मुळाचा एक वाळका तुकडा त्याच्या पेटीत राहिला होता. त्यानं तो गार पाण्यात उगाळला. थेंब पडला आणि काळीज दमानं चालायला लागलं. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका उंच. चार बेडकांवर चारदा तेच झालं आणि तुकडा संपला.

तो नाचायचाच राहिला होता. आता फुईसोबत झाडापाशी जायचं, मुळं आणायची, निबंधात तिचंही नाव घालायचं! नंदुरबारला उतरून, प्रकाशा गावापाशी नावेनं तापी ओलांडून तो घरी पोचला. फुई ओट्यावर बसली होती, पार वाळून गेली होती. आधी रडणं झालं, मग ती आपणहून बोलली.

"छबूना पायवर सूज उनी व्हती. छाती धडधड करे. 'फुई, मूळ आनी द्या,' म्हने. आठ दिन मांगे लागनी व्हती. मी नई दिधं."

लोटननं विचारलं, "काबरं?"

"तुन्हं पत्र व्हतं ना. खोटी आशा काबरं देवानी? ती गयी. मंग मन्हा जीव मालेच खाये, दिधं असतं ते वाचती का काय?" तिनं पदरानं डोळे पुसले. "पन तू एवढा शिकेल, तू सांगं की त्यामा काईच नई. त्याना आधारवर जगी ऱ्हायनू, बेटा. खरंच काई नव्हतं ना त्यामा?"

काजळलेल्या कागदावर कधी खोटी रेघ न ओढलेल्या लोटनला त्या क्षणी आपल्या विद्येची शिसारी आली. खरं सांगितलं तर ही म्हातारी आजच मरेल, आणि नुसतं 'झाड दाखव' म्हटलं तरी तिला सगळं कळेल.

"नई फुई," तो म्हणाला, "काईच नव्हतं."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती जेवायला वाढायला उठली. लोटन दोन दिवस राहिला आणि झाडाचा विषयही न काढता परत गेला.