चौथ्या ठोक्यावर जोर

लांबलचक इंग्रजी शब्द तोडून शिकवायचे, हे माझं काम. प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक ठोका, आणि जोर असेल तिथे मूठ आपटायची. आज वर्गाने ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चा पार भुगा केला. सहा तुकडे, जोर चौथ्यावर. पण कुणी पहिल्यावर देतोय, कुणी शेवटच्यावर. माझा घसा बसला, मूठ ठणकायला लागली.

घरी येऊन उद्याच्या तयारीसाठी तोच शब्द पुन्हा ठोकत बसले, तर भिंतीपलीकडे पलंगाचा दांडा वाजला. वाचा गेल्यापासून सासूबाई काही हवं असलं की दांडा वाजवतात. मी कपाळाला आठ्या घालूनच आत गेले.

“पाणी देऊ?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“कूस बदलायचीय?”

पुन्हा नाही.

“मग काय हवंय, आई? दमलेय हो मी.”

त्यांनी चालता हात उचलून दांड्यावर सहा ठोके दिले. चौथा जोरात.

“बरोबर,” मी म्हणाले. दिवसभरात हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघाला होता.

जायला वळले, तर दांडा परत वाजला. या वेळी मी काही विचारलं नाही. पलंगाच्या कडेला टेकले आणि पुढचा शब्द वाजवला.