ओळीच्या टोकाची कोरी जागा

गुंडेरावांनी हुमनाबादच्या तहसील कचेरीत वीस वर्षं उर्दू लिहिली, आणि वीस वर्षांत एकाही ओळीच्या शेवटी बोटभर कोरी जागा सोडली नाही. कोऱ्या जागेत उद्या कुणी एखादा शब्द घुसडला तर कुणाचं शेत कुणाच्या नावावर जाईल, नेम नाही. शब्द मावेनासा झाला की ते तो तोडत नसत. अक्षरं एकावर एक चढवून टोकाशी बसवत.

मग निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीत इंग्रजी आली. सोमवारी नवे तहसीलदार सगळ्या कारकुनांकडून एक पत्र नकलून घेणार होते. ज्याला जमलं नाही, तो घरी. गुंडेरावांचं इंग्रजी अक्षर देखणं, पण हात जुना. सरावाच्या कागदावर प्रत्येक ओळीचं टोक आभाळाकडं निघालेलं. हेडकारकुनानं तिथं तिथं लाल गोल करून कागद परत दिला. इंग्रजीत शब्द तोडतात, आडवी रेघ देऊन उरलेला खाली नेतात, एवढं सांगितलं.

कुठं तोडायचा, ते शाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेल्या डिक्शनरीत ठिपके देऊन दाखवलं होतं. रविवारी दुपारी अन्नपूर्णाबाई डाळ निवडत होत्या आणि शेजारी त्यांचे यजमान गुंडेराव ठिपके पाठ करत होते. लांबलचक शब्द भराभर झाले. ‘सेट’पाशी गाडं अडलं.

“कामून थांबलाव?”

“तीनच अक्षरं हायत. अर्थ मात्र दोन पानं. ठेवणं, बसवणं, सूर्य मावळणं, दही लागणं...”

“दहीसुद्धा?”

“व्हय. पण ठिपका एकबी न्हाई.”

बाईंना इंग्रजी येत नव्हती, ठिपका कळत होता. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

“न्हाई म्हणजे तोडायचा न्हाई. अख्खा खाली घ्या.”

“आणि वर जागा कोरी राहील, ती? उद्या कुणी काही घातलं तर?”

“परीक्षेचा कागद हाय. त्यात कुणाचं शेत बुडतंय?”

“तुला कचेरीतलं काय कळतंय.”

बाईंनी सूप झटकलं. जन्मभर दुसऱ्यांची शेतं राखली, आता त्या राखणीपायीच घरची भाकरी जाणार, हे त्यांना दिसत होतं.

सोमवारी गुंडेराव उन्हं असतानाच परतले आणि टोपीही न काढता ओसरीवर बसले. इतक्या लवकर आलेले पाहून बाई हातातलं काम टाकून उंबऱ्यापर्यंत आल्या.

“सातव्या ओळीला आला,” ते म्हणाले.

“कोण?”

“तोच, तीन अक्षरांचा. हात आपसूक वर चढायलाय. डाव्या हातानं मनगट धरलं अन् खाली आणला. वर ही एवढी जागा राहिली. गोवरी थापावी एवढी.”

“मग?”

“तहसीलदारांनी कागद उभा धरला, आडवा धरला. म्हणले, उद्यापासून आवक-जावक तुम्ही बघा. आज जावा घरी.”

बाई होत्या तिथंच, उंबऱ्यावर टेकल्या.

“पाणी तरी देशील का?” गुंडेराव म्हणाले.

“देते की,” त्या म्हणाल्या. “जरा पाय सापडू द्या.”