मासोयांचं माहेर

रत्नमाला माही धाकटी जाऊ. तिचं चांगलं झालं का माह्या पोटात दुखते. लपवून काय करू? दुखते तर दुखते.

आमी ढिवर, मासोया धरनारे. सासरे भंडाऱ्याहून इकडं भिलाईले प्लांटात कामाले आले, पन जाळं काही सुटलं नाई. कुम्हारीपाशी तलाव हाय, तिथं आमची मच्छी समिती हाय. यंदा मत्स्य खात्याच्या मॅडम आल्या. म्हने, तलावाचा एक कोना बंद ठेवा, मासोया अंडे घालतीन तिथं जाळं टाकाचं नाई. कोना कोनता अन् राखन कोन करन, थे तुमीच ठरवा. "संरक्षित क्षेत्र बनाना है," असं म्हनल्यावर सारे मानसं खेकसले. मासोया अंडे घालतेत त्याच कोन्यात तर मोठी रोहू लागते!

तवा रत्नमाला उठली. म्हने, "अवो, लेक बायतपनाले माहेरी येते, तशा मासोया त्या कोन्यात येतेत. माहेरी आलेल्या लेकीले कोनी पकडते का?"

झालं! साऱ्यायनं माना हालवल्या. मॅडमनं टाळ्या वाजवल्या, अन् राखनीचं काम, शिट्टी, निळी टोपी, सारं रत्नमालेले भेटलं.

अन् थो शब्द कोनाचा? माहा! घरी मासोयीच्या पोटातली गाभोळी साफ करता करता मीच तिले म्हनलं होतं, "मासोयांचं माहेर पान्यात, अन् माहंबी पान्यातच." माहं गाव धरनात बुडालं. घर गेलं, माय गेली, भाऊ कुठं कुठं पांगले. माह्या दुखातला शब्द उचलून हे बाई टोपी घालून मिरवून राहिली! मले घास गोड लागे ना. तिची शिट्टी आयकली का अंगाचा भडका उडे.

मासोया कोन्यात याले लागल्या, अन् तिकडून रत्नमालेच्या भावाचा फोन आला. दरवर्षी येते. भाऊ न्यायले येते, येतानी साडी, शेवया, पापड. बाई समितीत उभी राहून म्हने, "मी महिनाभर माहेरी चालली. राखन माह्या मोठ्या जाऊबाई करतीन. त्यायले कुठं जाचं हाय?"

कोनी हासलं नाई. कोनाले काही लागलंबी नाई, खरंच तर होतं. मले पायजे होती थेच टोपी हातात आली, पन फेकून द्यावी वाटली. तिच्या मनात कपट नव्हतं, याचाच मले जास्त राग आला.

फेकली नाई. दुसऱ्या दिवसापासून काठावर बसली. रत्नमाला तिकडं मायच्या हातचं खात असन, असं मनात ये, अन् मी शिट्टी चावत बसो.

एका दुपारी प्रितम आला, माहा देवर, रत्नमालेचा नवरा. खांद्यावर जाळं.

"वहिनी, एकच डाव टाकतो. पाहुने येऊन राहिले."

"जाळं घडी कर."

"अवो, घरचंच तं काम हाय! कोन पाहून राहिलं?" असं म्हनत थो गुडघाभर पान्यात उतरला.

मी उठली. "या कोन्याचं नाव मालूम हाय ना?"

"मासोयांचं माहेर," थो हासून बोलला.

"निस्तं मासोयांचं नाई. माहंबी हाय. तुही बायको तिच्या माहेरी गेली, मी माह्या माहेरी आली. पाय काढ पान्यातून."

थो हासाचा थांबला. पान्याबाहेर आला अन् जाळं उचलून गेला.

आता रत्नमाला येईन अन् टोपी मागन. मागू दे. माहेर का कोनी वापस देते?