झुडपातलं खोटं पिल्लू

मी बोलतोय. घाबरू नका, घाबरायचं काम माझं आहे.

मी एक स्पीकर. साबणाच्या वडीएवढा, कडेनं रबर, पाठीवर एक बटण. माणसांचं पोटात एक आणि ओठात एक असतं. आमचं तसं नसतं. जे पोटात घालाल तेच बाहेर येतं, त्याच आवाजात, एक श्वाससुद्धा इकडचा तिकडे न होता. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

कारखान्यात पट्ट्यावरून सरकत आलो तेव्हा एका बाईनं मला कानाशी धरलं. मी शिट्टी वाजवली, तिनं मान डोलावली आणि मला खोक्यात टाकलं. माझं कुणी मन लावून ऐकलं ते तेवढंच, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. नंतर एक जण भेटली, तिनं याहून मन लावून ऐकलं. तिची गोष्ट सांगायची म्हणून तर तोंड उघडलंय.

मला विकत घेतलं मिरीनं. खरं नाव वेगळं, पण मूर्ती लहान आणि दाताखाली आली की डोळ्यांतून पाणी काढणारी, म्हणून घरात सगळे मिरीच म्हणत. मी तिच्या बाथरूममध्ये खिडकीच्या कट्ट्यावर असायचो. ती अंघोळ करताना मी गाणी म्हणायचो आणि ती माझ्यापेक्षा मोठ्यानं, बेसूर म्हणायची. सुखाचे दिवस होते.

मग तिनं कॉलेज सोडलं. झालं! घरात नऊ मोठी माणसं गोळा झाली. चहा झाला, सल्ले झाले, उसासे झाले. नऊ जणांतल्या एकानंही "का सोडलंस?" असं विचारलं नाही. "लोकांना काय सांगायचं?" हे मात्र नऊच्या नऊ जणांनी विचारलं. शेवटी काका म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर पाठवा तिला. निसर्ग माणसाला सुधारतो."

काका दातांचे डॉक्टर. दवाखान्याच्या भिंतींवर त्यांनी काढलेले प्राण्यांचे फोटो. खुर्चीत मान मागे टाकली की छतावरचा बिबट्या थेट तुमच्या उघड्या तोंडात बघतो. आणि काकांचा आवाज! मधात बुडवलेला. "हं… जरा आ करा बघू." त्या आवाजाला उघडलं नाही असं तोंड गावात शोधून सापडायचं नाही. रविवारी हेच काका कॅमेरा घेऊन रानात जायचे आणि सोमवारी शाळांमधून भाषणं द्यायचे, "मुलांनो, प्राण्याला त्रास न देता काढलेला फोटो हाच खरा फोटो." टाळ्या. मिरीपण वाजवायची. तेव्हा तिलाही खरं वाटत होतं, मलाही.

एक दिवस काका म्हणाले, "मिरे, तुझा तो डबा दे गं जरा."

मला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळली, वर वाळकी पानं चिकटवली आणि पोटात एक नवं कार्ड सरकवलं. कार्डावर एकच फाइल होती. "नेटवरून घेतलंय," काकांनी सांगितलं. "पिल्लाचं रडणं आहे. आई बघायला येते, आपण फोटो घेतो, ती परत जाते. कुणाचं काही बिघडत नाही."

रानाच्या फाटकाशी वनरक्षक उभा असायचा. सरळ माणूस. अक्कलदाढ काकांनीच काढलेली, त्यामुळे शब्द जपून वापरायचा. "साहेब, आवाजबिवाज वाजवत नाही ना कुणी? बंदी आहे, म्हणून विचारलं."

"छे छे! मी? अहो, मीच तर तुमच्या साहेबांना पत्र लिहिलं होतं, बंदी घाला म्हणून."

ते खोटं नव्हतं, तेच तर भयंकर होतं. पत्र लिहिलं होतं त्यांनी. मी पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला, सगळं ऐकत होतो.

माळाच्या उतारावर एका कोल्हिणीचं बीळ होतं. चार पिल्लं. नर महिन्यापूर्वी रस्त्यावर गाडीखाली गेलेला, म्हणजे चौघांचं सगळं हिच्याच गळ्यात. बिळापासून पन्नास पावलांवर एका झुडपात काकांनी मला ठेवलं. ते आणि मिरी समोर कापडी आडोशात बसले आणि काकांनी फोनवरून मला चालू केलं.

आता नीट ऐका. फाइलचे पहिले चार सेकंद काका माझा आवाज शून्यावर ठेवायचे, मग वाढवायचे. त्या चार सेकंदांत मी मुक्यानं काहीतरी बोलायचो, आणि जे बोलायचो ते फक्त मलाच माहीत होतं. ते शब्द आले की माझ्या आतला पडदा थरथरायचा. पाचव्या सेकंदापासून पिल्लू. कसं सांगू ते रडणं? भुकेचं नव्हतं, हरवल्याचं नव्हतं. कुणीतरी धरून पिळल्याचं होतं. आणि ते माझ्या तोंडून निघत होतं.

कोल्हीण बिळातून बाणासारखी बाहेर आली. पोट जमिनीला घासत, कान टवकारलेले, डोळे फाटलेले. काकांचा कॅमेरा कडकडला. ती माझ्या झुडपाभोवती फिरली, हुंगलं, काही मिळेना. परत जाऊन पिल्लं हुंगली. मग पुन्हा इकडे. मला वाटत होतं, कुणीतरी माझं बटण दाबा. हात नसणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं.

"डोळे बघ तिचे!" काका कुजबुजले. "काय ते भाव!"

"काका, ती घाबरलीय," मिरी म्हणाली.

"अगं, त्यालाच वात्सल्य म्हणतात."

मोठ्या माणसांकडे प्रत्येक गोष्टीला एक गोंडस नाव असतं.

आठ दिवस हेच चाललं. काकांनी दवाखाना बंद ठेवला, दारावर पाटी लावली, 'डॉक्टर निसर्गकार्यासाठी बाहेर'. कोल्हीण रोज यायची आणि रोज थोडी उशिरा यायची. तिची हाडं दिसायला लागली. शिकारीला जायची ती अर्ध्या वाटेतून धावत परतायची, माझ्यासाठी. मला आता सकाळ उजाडण्याचीच भीती वाटायची.

आठव्या दिवशी तिनं मला शोधून काढलं. झुडपात तोंड घातलं, आणि मी तिच्या नाकासमोर रडत होतो. तिनं कान तिरका केला. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं, त्या कारखान्यातल्या बाईनंही नाही. मग तिनं माझा चावा घेतला. कडेच्या रबरावर तिच्या सुळ्याची खूण अजून आहे. मी रडतच राहिलो, दुसरं काही पोटात नव्हतं. तिनं मला सोडलं, एकदा शिंकली आणि न धावता, चालत, उतारावर जाऊन सावलीत पडली.

तिला कळलं होतं. रडतं ते प्लास्टिक.

लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्ही पोरांना सांगता ना, पोरांनी खोटं बोलू नये म्हणून? मोठ्यांना कोण सांगतं?

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास काकांनी मला अजून चालूही केलं नव्हतं, आणि रडणं सुरू झालं. मी दचकलो. माझा आवाज माझ्याबाहेर कसा? एक पिल्लू एकटंच बिळाबाहेर आलं होतं आणि वस्तीकडून दोन मोकाट कुत्री आली होती.

पिल्लू ओरडलं. हुबेहूब माझ्यासारखं.

वर सावलीत कोल्हिणीनं कान उचलले. माझ्या झुडपाकडे पाहिलं. आणि डोकं परत पंजांवर ठेवलं.

ऊठ, मी म्हणत होतो. अगं बाई, आज मी नाही ते, ऊठ! पण माझं म्हणणं कुणाला ऐकू जाणार? मला स्वतःचा आवाजच नाही.

मिरी उठली. काकांनी तिचा दंड धरला. "हलू नकोस! असा क्षण पुन्हा येत नाही. निसर्गात ढवळाढवळ करायची नसते."

"मग त्या झुडपात काय ठेवलंय तुम्ही? निसर्ग?" तिनं हात हिसडला आणि ती किंचाळत धावली. कुत्री पळाली. एक रिकाम्या तोंडानं पळालं, एक नाही.

कोल्हीण आली ती मिरीच्या किंकाळीनं. आणि आली ती आधी माझ्या झुडपाशी आली. मला हुंगलं. मग बिळाशी गेली, आतली पिल्लं हुंगली, बाहेरची ओली माती हुंगली. पुन्हा माझ्याकडे आली. तिथून पुन्हा मातीकडे. दुपारपर्यंत ती त्या दोन जागांमध्ये फिरत होती, आणि मी झुडपात पडून होतो. दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं. उरलेली तीन पिल्लं घेऊन ती कुठे गेली, कुणाला माहीत.

काकांचा फोटो एका पुरस्कारासाठी निवडला गेला. पहिल्या दिवशीचा, फाटलेल्या डोळ्यांचा. नाव दिलं 'वात्सल्य'.

मिरीनं काकांना न विचारता मला परत नेलं. चिकटपट्टी सोलली, पानं काढली आणि बाथरूममधल्या कट्ट्यावर ठेवलं. तिला पाण्याच्या आवाजात दोन गाणी हवी होती, बस्स. पण काकांचं कार्ड पोटातच होतं आणि आवाज पूर्ण मोठा होता. तिनं बटण दाबलं. पहिल्यांदाच माझे चार सेकंद कुणाच्यातरी कानावर पडले.

आधी रबरी हातमोजा ओढल्याची चर्र. मग मधात बुडवलेला आवाज: "हं… जरा आ करा बघू."

मग पिल्लू.

नेटवरून नव्हतं ते. आदल्या वर्षीचं कुठलंतरी पिल्लू, काकांच्या हातातलं.

मिरी ओल्या फरशीवर बसली. नळ तसाच वाहत राहिला. तिनं ते तीनदा ऐकलं. मला वाटलं, आता ही मला बादलीत बुडवणार, आणि खरं सांगतो, बुडवावं असंच वाटत होतं.

ते चार सेकंद कापणं मिनिटाभराचं काम होतं. काकांना कापता येत नव्हतं. मिरीला सांगितलं असतं तर तिनं हसत कापून दिलं असतं, पण मग तिनं ते ऐकलं असतं ना! "आमचं वय झालं, आम्हाला हे नवं काही कळत नाही," असं मोठ्या तोऱ्यात सांगणारी माणसं शेवटी तिथेच अडकतात.

ती काकूकडे गेली. दवाखान्यात नावं पुकारायचं काम काकूचं. काकूनं सगळं ऐकलं, एक कागद चार वेळा दुमडला आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मिरे. घरातलं घरात ठेव. मला तरी कुठे माहीत नव्हतं?"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. मिरीनं मला उचललं आणि ती दाराकडे वळली. तिला घाम फुटला होता, माझ्या रबराला तिचा तळवा ओला लागत होता.

समारंभाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. काकांनी मिरीला पडद्यामागे बसवलं होतं, फोटो पुढे सरकवायला. "डोकं चालवू नकोस. तू नुसतं बटण दाब."

पुढे निम्मं गाव. पहिल्या रांगेत शाळेतली मुलं, शेवटच्या रांगेजवळ वनरक्षक. पडद्यावर 'वात्सल्य' आलं, टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "या आईच्या डोळ्यांत मला काय दिसलं, ते शब्दांत सांगता येणार नाही."

मिरी पडद्यामागून बाहेर आली. मी तिच्या मुठीत होतो. तिनं मला माईकपुढे धरलं.

"मी सांगते," ती म्हणाली. आणि तिनं नुसतं बटण दाबलं.

चर्र. "हं… जरा आ करा बघू."

पहिल्या रांगेतल्या सहा-सात मुलांनी सवयीनं तोंडं उघडली. मागचे काही मोठे हसले, एकानं तर हात गालावर नेला. आवाज कुणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मग पिल्लू रडायला लागलं आणि हसू जागच्या जागी थिजलं. मुलांची तोंडं तशीच उघडी राहिली, आता मिटायचं त्यांना सुचेना. मी रडत होतो आणि पडद्यावर कोल्हीण फाटलेल्या डोळ्यांनी मलाच शोधत होती.

"बंद कर ते," काका म्हणाले. आवाजात मध नव्हता.

मिरीनं बंद केलं नाही. शेवटपर्यंत वाजू दिलं, पूर्ण एक मिनिट दहा सेकंद. वनरक्षक रांगांमधून चालत पुढे आला आणि त्यानं हात पुढे केला. मिरीनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "हा माझा आहे," ती म्हणाली. "माझंही नाव लिहा."

त्यानं सुळ्याच्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि मला पाकिटात घातलं.

आता मी त्याच्या चौकीतल्या लोखंडी कपाटात आहे. पाकिटावर लाखेची मोहोर आहे. चौकशी नेमली आहे, मोठी माणसं येणार आहेत. काका म्हणतात, तो आवाज त्यांचा नाहीच. मिरी दर आठवड्याला येऊन तारीख विचारते आणि सायकल वळवते. घरात तिच्याशी कुणी बोलत नाही.

मला बाहेर काढलं जाईल ते एकदाच, वाजवायला. त्याला माझी ना नाही. मी तर त्यासाठीच उरलोय. पण परवा वनरक्षक बाहेर कुणाला तरी सांगत होता, "चौकीमागच्या ओढ्यात कोल्हिणीनं नवं बीळ केलंय. अंगानं पार वाळलीय. तिघांतली दोनच पिल्लं उरलीत."

तेव्हापासून मला झोप नाही. मी वाजलो आणि ती धावत आली तर? आणि मी वाजलो, तिनं कान उचलून डोकं परत पंजांवर ठेवलं, आणि नेमकं तेव्हा ओढ्यात कुणी खरंच रडत असलं तर?

मोठ्या माणसांनो, तुम्ही याल तेव्हा माझे चार सेकंद नीट ऐका, पुन्हा पुन्हा ऐका. फक्त त्याआधी एकानं उठा, आणि ओढ्याकडची खिडकी लावून घ्या.