गव्हाच्या शेतातला तेरावा हंस

मी एक जुना लाकडी हंस आहे. शोभेचा नाही, कामाचा. वरून जाणाऱ्या रानहंसांना वाटावं की खाली आपलाच कोणीतरी निवांत चरतो आहे, त्यांनी उतरावं आणि लपलेल्या माणसाने त्यांना बंदुकीने टिपावं, एवढ्यासाठी मला घडवलं. मित्रांनो, अशा गोष्टीत वाचणाऱ्यांना मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी मला मित्र नाहीत, आणि मी ते मागायला गेलोही नाही.

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावाबाहेर तेऊन नावाचा एक कालवे उपसणारा माणूस राहायचा. त्याने एका हिवाळ्यात मला कोरलं. अंग पॉपलरच्या लाकडाचं, मान वाळुंजाची, पोटाखाली जमिनीत रोवायला लोखंडी खुंटी. रंग दिला तो इथल्या रानहंसाचा, म्हणजे करडा. तेऊनने मला कधी गोंजारलं नाही, पण दर वसंतात चिखलात उभं मात्र न चुकता केलं. वारा सुटला की इतरांचे हंस लोळायचे, मी हलायचो नाही. शिकारी लोक माझं कौतुक करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. किती हंस माझ्या भरवशावर उतरले आणि परत उडाले नाहीत, हे मी मोजलं नाही आणि त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. फसणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, असं माझं मत होतं.

मग तेऊन वारला. त्याच्या मुलीने मला खिडकीत ठेवलं आणि माझ्या पाठीवर जिरेनियमची कुंडी ठेवली. सोळा वर्षं मी कुंडीखाली काढली. ती झाडाला पाणी घालायची, ते माझ्या पाठीवरून ओघळायचं आणि रंगाचे पोपडे निघायचे. त्या बाईबद्दल मी इथे लिहितो ते फारच सौम्य आहे. शेवटी राजाच्या वाढदिवशी गावभर रस्त्यावर जुना बाजार भरतो, त्यात तिने मला चादरीवर मांडलं आणि प्रतापने मला उचललं.

प्रताप पुण्याचा. डेल्फ्टला शिकायला आला, मग कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला आणि नीउ-व्हेनेपच्या नव्या वसाहतीत त्याने घर घेतलं. मला मराठी आलं ते त्याच्याच घरामागच्या शेडमध्ये, कारण शेडच्या भिंती पातळ आहेत. त्याला शिकारीचं वेड का लागलं ते मला माहीत नाही. पण या देशात बंदूक घेतली आणि निघालो असं चालत नाही. वर्षभर शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि एवढं करून कोणीतरी शेतकऱ्याने आपल्या शेतात शिकारीची परवानगी द्यावी लागते. शेत नाही तर परवाना नाही. गावातल्या लोकांना आपापली शेतं बापजाद्यांपासून मिळालेली. प्रतापला कोण देणार? तो दोन वर्षं दर शनिवारी हॅरमन नावाच्या शेतकऱ्याकडे जाऊन कुंपणं दुरुस्त करत राहिला, तेव्हा कुठे हॅरमनने त्याला आपलं शेत दिलं. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

माझ्या जोडीला प्रतापकडे बारा प्लास्टिकचे हंस होते. पोकळ, हलके, एकाच साच्यातले. त्यांच्याबद्दल मी याहून जास्त शब्द वाया घालवणार नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये रानहंसांनी हॅरमनच्या कोवळ्या गव्हाचा फडशा पाडला. दहा दिवस वादळी वारा आणि पाऊस, त्यामुळे प्रतापला एकही हंस मिळाला नाही. गुरुवारी हॅरमनचा फोन आला. प्रताप शेडमध्ये सायकलची चेन बसवत होता, फोन स्पीकरवर होता.

“शनिवारी हंस माझ्या गव्हातून उठले पाहिजेत,” हॅरमन डचमध्ये म्हणाला. “नाही तर सोमवारपासून शेत शेजारच्या होफडॉर्पच्या शिकाऱ्याला. तो पावसाची सबब सांगत नाही.”

प्रताप फक्त “हो” म्हणाला. नंतर बराच वेळ तो सायकलचं चाक नुसतंच फिरवत बसला होता.

त्या घरात तेव्हा प्रतापचे सासरे आले होते, मोरेश्वर. पुण्याच्या वेधशाळेत जन्म घालवलेला माणूस. तीन महिन्यांसाठी लेकीकडे, म्हणजे प्रतापची बायको जयंती हिच्याकडे, राहायला आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मटार काढायला फ्रीजर उघडला आणि त्यांना सोललेला हंस दिसला. ते काही बोलले नाहीत. जावयाला कोण बोलणार? “प्रतापराव, तुमचा चहा” म्हणून कप पुढे करायचे आणि नजर दुसरीकडे न्यायचे. एका घरात इतक्या आदराने एवढा राग मी तरी कधी पाहिला नव्हता. मला तो माणूस आवडला नाही, पण त्याचा राग आवडला.

शुक्रवारी जयंतीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दुपारी ती शेडच्या दारात आली.

“प्रताप, तो तुझा डक दे ना जरा. आरास अगदीच रिकामी दिसतेय.”

“डक नाही, गूज आहे. आणि उद्या पहाटे लागणार आहे मला.”

“उद्या ना? मग आज सरस्वतीचा हंस होऊ दे त्याला.”

अशा रीतीने माझी गौरीपुढे स्थापना झाली. एका बाजूला द्राक्षं, दुसऱ्या बाजूला लेगोची ट्राम, मध्ये मी. युट्रेख्टहून आलेल्या शामलाताईंनी मला निरखून विचारलं, “अगं, हंस करडा कसा?” जयंती म्हणाली, “लोकल आहे.” सगळ्या हसल्या. मग आंबेडाळ आणि पन्हं घ्यायच्या आधी एकेकीने गौरीला हळदकुंकू लावलं आणि आलंच आहे हातात तर मलाही लावलं. चौदा बायका होत्या. चोचीच्या वरपासून डोक्यापर्यंत माझ्यावर पिंजरेचा थर बसला. देव म्हणून नव्हे, पण पाहुणा म्हणून तरी नंतर कोणी पुसेल असं मला वाटलं होतं. कोणी पुसलं नाही.

शनिवारी अंधार असतानाच प्रतापने मला पिशवीत भरलं. जयंतीने वडिलांना सांगितलं होतं, “शेतावर जाऊन या बाबा, घरात बसून कंटाळलात. पक्षी दिसतील.” मोरेश्वर लेकीच्या शब्दाखातर निघाले. गळ्यात त्यांची दुर्बीण होती.

हंसांना बुजवू नये म्हणून शिकारी कपाळावर लाल दिवा लावतात. लाल उजेडात लाल कुंकू दिसत नाही. प्रतापने बाराही प्लास्टिकचे हंस वाऱ्याकडे तोंड करून मांडले, मला सगळ्यांत लांब, पहारेकरी म्हणून रोवलं, आणि तो चराच्या खड्ड्यात जाऊन झोपल्यासारखा पडला. मोरेश्वरांचे गुडघे दुखतात, म्हणून ते मागे घडीच्या स्टुलावर, अंगावर जाळी घेऊन बसले.

उजाडलं आणि गारा सुरू झाल्या. वायव्येचा वारा गारा आडव्या फेकत होता. प्लास्टिकचे तीन लोळले. प्रतापने मोबाइल पुसून पाहिला.

“रडार म्हणतंय पंधरा मिनिटांत थांबेल.”

“तासभर चालेल,” मोरेश्वर ढगांकडे पाहत म्हणाले. “आणि त्यानंतर पाऊस.”

“इथलं हवामान वेगळं असतं, बाबा.”

“असेल.”

पहिला थवा आला, चाळीसेक हंस. प्रतापने शिट्टीतून हंसाचा आवाज काढला. पुण्याच्या माणसाच्या मानाने बराच बरा काढतो. थवा खाली झुकला, पंख ताठ झाले, आणि माझ्यावर येताच सगळेच्या सगळे ओरडत वर उठले. मला कारण माहीत होतं. डोकं फुटून रक्ताळलेला हंस जिथे उभा आहे, तिथे कोण उतरेल? प्रतापच्या चष्म्यावर गारांचं पाणी होतं, आणि मध्ये बारा प्लास्टिकचे होते. त्याला काहीच दिसलं नाही.

पण मोरेश्वरांनी दुर्बीण माझ्यावर रोखली होती. ती बराच वेळ तशीच राहिली. मग त्यांनी ती सावकाश खाली घेतली आणि ते गप्प बसले.

दुसरा थवा तसाच फिरला. तिसराही. प्रताप स्वतःशी पुटपुटत होता, “काय चुकतंय? काय चुकतंय यार?” पाच वर्षांचं शेत त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि दोन हातांवर बसलेल्या माणसाला उत्तर ठाऊक होतं. मला मजा वाटत होती, हे कबूल करतो. जावई गारा थांबण्याची वाट पाहत होता. सासरा त्या थांबू नयेत म्हणून बसला होता, कारण गारांनी कुंकू जात नाही, पावसाने जातं.

तासाभराने पाऊस आला. वेधशाळेतला माणूस चुकला नाही. माझ्या डोक्यावरून लाल ओघळ मानेवर, मानेवरून छातीवर उतरले आणि पुष्कळसं कुंकू गव्हात गेलं. थवे केव्हाच दुसरीकडे गेले होते. पण एक जोडी आली, नर आणि मादी. दोघं वाऱ्यावर पाय सोडून माझ्याजवळ उतरली. मादी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून चरायला लागली. इतका विश्वास माझ्यावर पूर्वीही अनेकांनी टाकला होता.

गोळी सुटली. मादी जागच्या जागी पडली. नर उडाला आणि पळून न जाता वळून परत तिच्यावर आला. प्रतापने दुसऱ्या गोळीसाठी बंदूक फिरवली, आणि मोरेश्वर जाळीसकट उठून पुढे आले आणि नळीसमोर उभे राहिले.

प्रतापने बंदूक आकाशाकडे केली आणि बिजागरीवर उघडून काडतूस काढलं.

“बाबा, बंदुकीसमोर उभं राहतात का? मी तुम्हाला मारलं असतं.”

“पुरे झालं, प्रतापराव.”

रस्त्यावर हॅरमनचा ट्रॅक्टर थांबलेला होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो बांधावरून चालत आला, मेलेल्या एका हंसाकडे त्याने पाहिलं, मग मोरेश्वरांकडे.

“माझ्या शेतात माणूस मेला असता,” तो म्हणाला. “चावी दे.” फाटकाची चावी प्रतापने खिशातून काढून दिली. हॅरमन तिथून गेला, आणि शेतही गेलं.

प्रताप हंस गोळा करायला लागला. बारा उचलून झाल्यावर माझ्याकडे आला आणि थबकला. माझ्या छातीवरच्या लाल ओघळाला त्याने बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

“कुंकू,” तो म्हणाला. मग मागे वळला. “तुम्हाला दिसलं होतं?”

“पहिल्या थव्यालाच.”

“आणि बोलला नाहीत.”

“नाही बोललो. तुमच्या फ्रीजरमध्ये तो पाहिल्यापासून बोलायचं होतं मला. जावयाला बोलता येत नाही, म्हणून बोललो नाही. म्हटलं, आज न बोलून बघू.”

“माझं शेत गेलं, बाबा.”

“मला त्याचं वाईट वाटतंय,” मोरेश्वर म्हणाले. “पण ती मेली त्याचं जास्त वाटतंय.”

प्रतापने मला खुंटीसकट उपटलं आणि लांब फेकलं. मग मादीला आणि प्लास्टिकच्या हंसांना घेऊन तो गाडीकडे चालायला लागला. मोरेश्वर मागे रेंगाळले. ते माझ्याजवळ आले, वाकले, गुडघ्यावर हात ठेवून कण्हले, आणि त्यांनी मला उचलून नीट सरळ उभं केलं. खुंटी पायाने घट्ट दाबली. एखाद्याला पडलेलं पाहवत नाही अशी काही माणसं असतात. त्यांचा तेवढाच एक उपकार माझ्यावर झाला आणि त्यानेच घात केला.

कारण दुपारी नर परत आला. तिला जिथे शेवटचं पाहिलं तिथे त्याने शोधलं आणि त्याला मी दिसलो. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आज रविवारची दुपार आहे आणि तो अजून इथेच आहे. तो चरत नाही. मान लांब करून मला हाका मारतो, मग थांबून माझ्या उत्तराची वाट पाहतो. वरून थवे गेले तरी वर बघत नाही. माझ्या आयुष्यात मी कधी एवढं चांगलं फसवलं नव्हतं. आता मला ते थांबवता येत नाही, आणि मित्रांनो, मला फार वाईट वाटतं आहे.

उद्या होफडॉर्पचा माणूस येणार. न उडणारा हंस मारायला काहीच लागत नाही. तुमच्यापैकी या गावात राहणारी बरीच मुलं इथून सायकलवरून जातात, मैदानावर खेळायला किंवा आईवडिलांबरोबर असेच. जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका. सायकल बांधावर टाका, गव्हातून दहा पावलं या आणि मला लाथ मारून पाडा. जोरात मारा, खुंटी घट्ट आहे. मी आडवा झालो, की ती गेली हे त्याला कळेल आणि तो उडून जाईल.